दहा नंबरचा बावटा आणि घरात थांबलेल्या बायका

29 एप्रिल 1991 ची रात्र. बांगलादेशच्या चितगाव किनाऱ्यावर चक्रीवादळ येऊन आदळलं, ताशी 240 किलोमीटरच्या आसपास वारा, नेमकी भरतीची वेळ, आणि वादळाने ढकललेलं पाणी काही ठिकाणी सहा मीटर म्हणजे जवळपास वीस फूट उंचीने आत घुसलं. संद्वीप, कुतुबदिया, हातिया ही बेटं आणि समोरचा बांशखालीचा पट्टा, इथली माती इतकी सपाट आहे की पाण्याला अडवायला काहीच नाही, वीस फूट पाणी आलं तर झोपडीच काय, झोपडीमागचं झाडही खाली जातं. सकाळपर्यंत अंदाजे 1,38,000 माणसं गेली आणि एक कोटीच्या आसपास लोक बेघर झाले.

आता मला ही केस डिझास्टरच्या ट्रेनिंगमधे कायम वापरावीशी वाटते ती मेलेल्यांच्या आकड्यामुळे नाही. इशारा दिला गेला होता, म्हणून. उपग्रहाच्या चित्रात वादळ दिसत होतं, हवामान खातं रेडिओवर सांगत होतं, दहा नंबरचा महाधोक्याचा सिग्नल लावला होता, गावोगाव व्हॉलंटियर भोंगे घेऊन फिरले होते. आणि ते व्हॉलंटियरही आदल्या दिवशी गोळा केलेले नव्हते, एकोणीस वर्षं चालू असलेला प्रोग्राम होता. म्हणजे आपण आज रिपोर्टमधे जे दोन शब्द सगळ्यात जास्त लिहितो, पूर्वसूचना आणि लोकसहभाग, ते दोन्ही तिथे हजर होते. तरी एवढी माणसं गेली. मग चुकलं कुठे?

कोण गेलं ते आधी बघू

वादळानंतर काही संशोधकांनी 45 वस्त्यांमधल्या 1123 लोकांची घरोघर माहिती घेतली. सँपल छोटंच आहे, पण त्यातून जे बाहेर आलं ते वाचून मी पान उलटायचं थांबलो होतो. जे लोक कुठल्याही पक्क्या, सिमेंटविटांच्या इमारतीत पोचले ते सगळेच्या सगळे वाचले. एकूण एक. आणि जे पोचले नाहीत त्यातले जवळपास 22 टक्के मेले. दहा वर्षांखालच्या मुलांमधे मृत्यूचं प्रमाण 26 टक्के, चाळिशीपुढच्या बायकांमधे 31 टक्के. या विषयात वारंवार दिला जाणारा दुसरा आकडा असा आहे की 20 ते 44 वयाच्या बायकांमधे हजारी 71 मृत्यू आणि त्याच वयाच्या पुरुषांमधे हजारी 15.

वीस ते चव्वेचाळीस म्हणजे धडधाकट वय. म्हातारपण, आजारपण, अशक्तपणा यातलं काही कारण म्हणून पुढे करता येत नाही. वादळाला बाई आणि पुरुष कळत नाही हे तर उघड आहे, त्यामुळे हा पाचपटीच्या जवळ जाणारा फरक वाऱ्याने केलेला नाही, तो वारा येण्याच्या आधीच तयार होता. "नैसर्गिक आपत्ती" म्हणताना आपण "नैसर्गिक" या शब्दावर जरा जास्तच भार टाकतो असं मला या आकड्याने पटवलं.

बावट्याचं गणित

आधी सिग्नलबद्दल, कारण हा भाग बहुतेक लेखांमधे एका ओळीत उरकतात आणि खरी गंमत, गंमत कसली, खरा घोळ तिथेच आहे. त्या किनाऱ्यावर बंदरांसाठी एक ते अकरा नंबरचे सिग्नल होते, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले. आपल्याकडे "तीन नंबरचा बावटा लागला" म्हणतात तीच ही जातकुळी. हे नंबर बनवले होते जहाजांच्या कप्तानांसाठी. पाच, सहा आणि सात या तिन्हीत धोका एकसारखाच असतो, फरक एवढाच की वादळ बंदराला डावीकडे ठेवून जाणारे, उजवीकडे ठेवून जाणारे, की थेट बंदरावरून. आठ, नऊ, दहाचंही तसंच, फक्त वादळ जास्त जोराचं. आणि अकरा म्हणजे धोका आणखी वाढला असं नाही, अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्क तुटला.

कप्तानाला हे उपयोगाचं आहे, जहाज कुठे वळवायचं ते त्याला ठरवायचं असतं. पण बेटावर भातशेती करणाऱ्या माणसाने हे कसं ऐकायचं? त्याला वाटणार पाच म्हणजे निम्मा धोका, आठ म्हणजे दहापेक्षा बरंय, अजून वेळ आहे. नंबर वाढला की संकट वाढतं आणि तोवर थांबायला हरकत नाही असं कोणीही समजेल, मीही तेच समजलो असतो. बरं त्या नंबरात पाणी किती येणार, कुठल्या गावात येणार, किती वाजता येणार, यातलं काहीच नाही. लोकांना भीती वाऱ्याची वाटत होती आणि मारलं पाण्याने. शिवाय आधी कितीदा तरी मोठे सिग्नल लागून काहीच झालेलं नव्हतं, लोक शेल्टरपर्यंत जाऊन रात्रभर दाटीवाटीत बसून सकाळी परत आले होते आणि तेवढ्यात मागे कोणाच्या तरी घरातली भांडी गेली होती. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा माणूस दारात उभा राहून आकाशाकडे बघतो आणि म्हणतो, बघू.

माहितीचा हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अर्ज आणि सरकारी फाईल येते. इथे माहिती दिली गेली होती, रेडिओवर जाहीर, कोणापासून लपवली नव्हती, पण ज्याच्या जिवाचा प्रश्न त्याला वापरता येईल अशा भाषेत ती नव्हती. अशी माहिती दिली काय न दिली काय. आणि ती भाषा ठरवताना त्या शेतकऱ्याला, त्या कोळ्याला, त्याच्या बायकोला कोणी कधी विचारलं होतं का? बंदराला विचारलं होतं.

घरात काय चाललं होतं

आता सिग्नल पोचला असं धरू. तो कोणाला पोचला? बाजारात रेडिओ चालू, मशिदीत चर्चा, चहाच्या टपरीवर माणसं, व्हॉलंटियर सायकलवरून भोंगा वाजवत रस्त्याने जातोय. या सगळ्या जागा पुरुषांच्या. पडदा पाळणारी बाई बाजारात नसते. तिला बातमी कळते ती नवरा किंवा सासरा घरी आल्यावर, त्याने सांगितली तर, आणि त्याला ज्या स्वरात सांगावीशी वाटली त्या स्वरात. कळली तरी निघायचं ठरवणार कोण? घरातला पुरुष. तो समुद्रावर असेल किंवा शहरात कामाला असेल तर तिने परवानगीशिवाय घर सोडायचं कसं, आणि सोडलं आणि वादळ आलंच नाही तर उद्या काय ऐकून घ्यायचं, हा हिशोब तिच्या डोक्यात वादळाच्या हिशोबाच्या आधी येतो.

समजा निघाली. कडेवर एक, हाताला एक, मागे सासू, अंगावर पाच-सहा वार साडी, भिजली की ती पायाला गुंडाळते. केस मोकळे सुटले की काट्याकुंपणात अडकतात. ही वर्णनं वादळातून जिवंत राहिलेल्या बायकांनी सांगितलेली आहेत आणि ती जवळपास प्रत्येक अभ्यासात येतात. पोहायला मुलगे शिकतात, झाडावर चढायलाही मुलगेच शिकतात, आणि झाडाला धरून जीव वाचवलेल्यांत त्यामुळेच पुरुष जास्त. चारही बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर जन्मलेल्या मुलीला पोहता येत नाही, याला निसर्ग काय करणार.

आणि शेल्टरपर्यंत पोचली तर? तेव्हाचं शेल्टर म्हणजे एक मोठा हॉल. बायकांसाठी वेगळी खोली नाही, वेगळं संडास नाही, बऱ्याच ठिकाणी संडासच धड नाही. तिथे परक्या पुरुषांच्या गर्दीत खांद्याला खांदा लावून रात्र काढायची. गरोदर बाईने काय करायचं, पाळी चालू असलेलीने काय करायचं, याचा विचार नकाशा काढणाऱ्याच्या मनातही आला नसणार, तो इंजिनियर होता आणि त्याला वाऱ्याचा दाब किती धरायचा ते माहीत होतं. बायकांना हे सगळं ऐकून माहीत होतं म्हणून कित्येकजणी गेल्याच नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला ते अडाणीपण वाटतं. मला ते अगदी विचार करून घेतलेलं, फक्त चुकीच्या पर्यायांमधून घेतलेलं डिसिजन वाटतं.

गुरांचाही प्रश्न होताच. गाय ही त्या घराची बँक. शेल्टरमधे गाय नेता येत नाही, आणि गाय सोडून गेलं तर वादळातून वाचून पुढे खायचं काय? हे लोक गुरांना कवटाळून बसतात असं अधिकाऱ्यांनी वैतागून म्हणायचं आणि लोकांनी मनात म्हणायचं की तुमचा पगार कुठे वाहून जाणारे.

1972 पासूनचा प्रोग्राम, आणि त्यातली फट

हे सगळं असं असताना तो प्रोग्राम काय करत होता, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी थोडं मागे जायला लागेल.

12 नोव्हेंबर 1970 ला याच किनाऱ्यावर, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, भोला नावाने ओळखलं जाणारं वादळ आलं. मेलेल्यांचा अंदाज तीन ते पाच लाख. इतका मोठा आकडा आणि त्यातही दोन लाखांची मोकळी जागा, म्हणजे कोण गेलं हे धड मोजायलाही कोणी उरलं नव्हतं. पश्चिम पाकिस्तानातल्या सरकारने मदतीला जी दिरंगाई केली तिचा राग लोकांनी लगेच डिसेंबरच्या निवडणुकीत काढला, अवामी लीगने पूर्वेकडचे जवळपास सगळे मतदारसंघ जिंकले, वादळग्रस्त भागातल्या काही जागांचं मतदान तर जानेवारीपर्यंत पुढे ढकलायला लागलं होतं, आणि पुढचं 1971 सगळ्यांना माहीतच आहे. आपत्तीत सरकार लोकांना वाऱ्यावर सोडतं तेव्हा तो नुसता मदतीचा प्रश्न राहत नाही, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

नव्या देशात 1972 मधे रेडक्रॉसने चक्रीवादळ पूर्वतयारी प्रोग्राम सुरू केला, 1973 पासून सरकार आणि रेडक्रॉस (आता रेड क्रेसेंट) मिळून तो चालवतात. आयडिया साधी आणि माझ्या मते फार हुशार होती. ढाक्यातून वायरलेसने खाली निरोप, खाली गावपातळीवर एक युनिट, युनिटमधे त्याच गावातले बिनपगारी व्हॉलंटियर, गावानेच निवडलेले. कोणी इशाऱ्याचं बघायचं, कोणी शेल्टरचं, कोणी बचाव, कोणी प्रथमोपचार. सामान म्हणजे भोंगा, हाताने फिरवायचा सायरन, ट्रान्झिस्टर, रेनकोट, गमबूट. बावटेही: एक लागला की सावध, दोन लागले की धोका, तीन लागले की महाधोका, निघा. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही लांबून बावटे मोजता येतात. बंदरातले अकरा नंबर गावात येऊन तीन बावटे झाले, हे काम ऑफिसात बसून होत नाही, गावातल्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय सुचत नाही.

मग 1991 मधे हे चाललं नाही का? चाललं, बऱ्यापैकी चाललं, लाखो लोक त्या रात्री निघाले आणि वाचले, व्हॉलंटियरनी जीव धोक्यात घालून कामं केली, ते कमी लेखायचं काही कारण नाही. पण फट राहिली होती. गावाने निवडलेले म्हणजे गावातल्या पुरुषांनी निवडलेले, आणि निवडले गेलेले बहुतेक पुरुषच, बायका नावापुरत्या. पुरुष व्हॉलंटियर घराच्या अंगणात उभा राहून आत बाईशी बोलू शकत नव्हता. तो रस्त्याने ओरडत गेला, त्याचं काम झालं. दुसरी फट शेल्टरांची. एक तर ती फारच कमी होती, आणि त्यातली जागा कोणाच्या शेताजवळ असावी हे गावातले वजनदार लोक ठरवत असत, जमीन त्यांनी दिलेली असायची. तिसरी फट चरवरच्या लोकांची. चर म्हणजे नदीच्या गाळाने तयार झालेली नवी जमीन, आज आहे उद्या नाही, कागदावर तर कधीच नाही. ज्यांची जमीन नाही ती माणसं तिथे राहतात, सगळ्यात पुढे, समुद्राच्या तोंडावर, आणि त्यांच्या नावावर काही नसल्यामुळे गावाच्या मिटिंगला त्यांना बोलवायचं कोणाला सुचत नाही.

म्हणून मला लोकसहभाग हा शब्द एकटा आला की जरा शंका येते. लोक म्हणजे कोण, हे विचारल्याशिवाय तो शब्द पुढे जाऊ देऊ नये. गावात मिटिंग झाली, शंभर सह्या झाल्या, फोटो काढले, आणि शंभरातल्या पंच्याण्णव सह्या अशा लोकांच्या ज्यांचं घर आधीच उंचावर आहे. याला सहभाग म्हणायचं असेल तर म्हणा.

नंतर काय बदललं

1991 नंतर शेल्टर बांधायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला. 1993 मधे ढाक्याचं इंजिनियरिंग विद्यापीठ आणि तिथली विकास अभ्यास संस्था यांनी मिळून आराखडा केला, त्यात एक शहाणपणाची गोष्ट होती: शेल्टर नुसतं शेल्टर म्हणून बांधायचं नाही, शाळा म्हणून बांधायचं. वर्षाचे साडेतीनशे दिवस बंद असलेल्या इमारतीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, दारं चोरीला जातात, किल्ली सरपंचाकडे आणि सरपंच तालुक्याला. शाळा असली की इमारत जिवंत राहते, पोरांना तिचा रस्ता पाठ होतो, आणि आईला ती परकी वाटत नाही, तिचं पोर रोज तिथे जातं. पुढच्या डिझाइनमधे बायकांसाठी वेगळ्या खोल्या, वेगळे संडास, अपंगांसाठी रॅम्प, खाली खांबांमधे मोकळी जागा असं हळूहळू येत गेलं. गुरांसाठी मातीचे उंच ढिगारे, त्यांना तिथे किल्ला म्हणतात, शेल्टरच्या जवळ. गुरं किल्ल्यावर बांधली की माणूस शेल्टरमधे जायला तयार होतो, यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही.

बायका व्हॉलंटियर मात्र लगेच वाढल्या नाहीत, त्याला फार वेळ गेला. आधी घरचे सोडायचे नाहीत, रात्री भोंगा घेऊन फिरणारी सून कोणाला चालणार. पण हळूहळू वाढत वाढत शेवटी नियमच झाला की वीसजणांच्या युनिटमधे दहा बायका. आज एकूण 76,000 च्या आसपास व्हॉलंटियर आहेत आणि त्यातल्या निम्म्या बायका. 2021 मधे संयुक्त राष्ट्रांचं लोकसेवा पारितोषिक या बदलालाच मिळालं. पण पारितोषिकापेक्षा मला यातली जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती अंगणाची. बाई व्हॉलंटियर अंगण ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत जाते. ती सांगते की शेल्टरमधे वरच्या मजल्यावर खोली आपली आहे, कडी आतून लागते, मी तिथेच असणारे. हे वाक्य भोंग्यातून सांगता येत नाही.

परिणाम? 15 नोव्हेंबर 2007 ला सिद्र वादळ आलं, ताकदीने 1991 च्या तोडीचं म्हणता येईल असं, मेले सुमारे 3,400. मे 2020 मधे अम्फान आलं, करोनाच्या ऐन भरात, 24 लाखांच्या आसपास लोकांना हलवलं आणि बांगलादेशातले मृत्यू दोन आकडी राहिले. त्यातला एक व्हॉलंटियरच होता, पटुआखालीत लोकांना सावध करायला जाताना बोट उलटली. तुलना करताना जरा जपूनच करायला पाहिजे, प्रत्येक वादळाची वेळ, भरती, जागा वेगळी असते, सिद्र आलं तेव्हा भरती तितकी नव्हती आणि आडवं यायला सुंदरबन होतं. तरीही लाख आणि हजार यातला फरक नुसत्या नशिबाचा नाही.

सिद्रच्या वेळचा एक किस्सा मला मुद्दाम सांगावासा वाटतो. त्याच वर्षी सप्टेंबरमधे सुमात्राच्या भूकंपानंतर त्सुनामीचा इशारा दिला गेला होता, लोक पळाले, काहीच आलं नाही. दोन महिन्यांनी सिद्रचा इशारा आला तेव्हा काही जणांनी सरळ सांगितलं, मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात. म्हणजे 1991 चा "बघू" अजून जिवंत होता. इशारा चुकू शकतो हे लोकांपासून लपवायचं नसतं, आधीच सांगायचं असतं, आणि खोट्या इशाऱ्याला गेलेल्या माणसाचं त्या रात्री काही नुकसान झालं असेल तर ते कोणी भरून द्यायचं याचीही सोय करायची असते. ती सोय फारशी कुठे दिसत नाही.

जीव वाचला, पुढे?

या केसची गोड बाजूच सांगितली तर ती अर्धवट होईल. 25 मे 2009 ला आयला आलं. वादळ म्हणून ते मोठं नव्हतं, बांगलादेशात 190 च्या आसपास माणसं गेली, आधीच्या हिशोबाने बघायला गेलं तर यशस्वीच म्हणायचं. पण खुलना आणि सातखीरा भागातले बांध फुटले. हे बांध 1960 च्या दशकात शेती खाऱ्या पाण्यापासून वाचवायला बांधलेले, आणि त्यांना कोळंबीवाल्यांनी ठिकठिकाणी भोकं पाडून पाईप घातले होते, खारं पाणी आत घ्यायला. पोखरलेला बांध पहिल्या मोठ्या भरतीला गेला. पुढे वर्ष वर्ष, काही ठिकाणी त्याहून जास्त, हजारो कुटुंबं त्या उरलेल्या बांधाच्याच माथ्यावर झोपड्या टाकून राहिली, दोन्ही बाजूला खारं पाणी, प्यायला थेंब नाही, दिवसातून दोनदा भरती येऊन शेत धुऊन जाणार. पाईप घालणारे कोण होते ते गावात सगळ्यांना माहीत होतं, बोलायची हिंमत कोणात नव्हती, आणि ज्या भूमिहीनांनी तक्रार करायची ते त्याच कोळंबीवाल्याकडे मजुरीला. भोंगा, बावटा, शेल्टर, सगळं चोख असून इथे उपयोगाचं नव्हतं. इथे लागणारी गोष्ट म्हणजे बांधाचा हिशोब मागता येणं, आणि मागितल्यावर काम जाणार नाही याची खात्री.

हक्काची भाषा इथे कामाला येते असं मला वाटतं, नाहीतर मी स्वतः त्या भाषेचा फार भक्त नाही, तिच्यात जडजंबाल शब्द फार. रशियात तिरनिऊझ नावाचं एक डोंगरातलं गाव आहे, तिथे जुलै 2000 मधे चिखलाचे लोंढे आले. संरक्षक धरण आदल्या वर्षीच खराब झालेलं, दुरुस्त करा आणि वर निरीक्षण चौक्या लावा असं तज्ज्ञ संस्थेने लेखी सांगितलेलं, झालं काहीच नाही. पहिला लोंढा ओसरल्यावर लोक घरी परत आले, त्यांना कोणी अडवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा लोंढा आला. सरकारचं म्हणणं, निसर्गापुढे कोणाचं चालतं. लोक युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 20 मार्च 2008 ला निकाल लागला की यात जगण्याच्या हक्काचा भंग झाला: धोका माहीत असताना सरकारने धरण आणि इशाऱ्याची व्यवस्था ठेवली नाही, आणि नंतर जबाबदार कोण याची धड चौकशीही केली नाही. धोका माहीत असला की तो कमी करणं हे उपकारात मोडत नाही, एवढं त्या निकालाने पक्कं केलं. आपत्तीचा धोका कमी करण्यासाठी देशांनी मिळून मान्य केलेल्या 2015 च्या सेंडाई आराखड्यात, जो 2030 पर्यंत चालणारे, मानवी हक्क जपणं आणि सगळ्या समाजाला सामील करून घेणं ही दोन्ही तत्त्वं लागोपाठच्या कलमात आहेत. 2016 मधे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायदा आयोगाने आपत्तीतल्या लोकांच्या संरक्षणाबद्दल 18 कलमांचा मसुदा पुरा केला, त्यातल्या नवव्या कलमात धोका कमी करणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य म्हटलंय. ही कागदं बांधावर राहणाऱ्या बाईला माहीत नसतात. पण तिच्या बाजूने बोलणाऱ्याला ती माहीत असली तर त्याचा आवाज जरा कमी कापतो.

शेवटचं टोक: छावण्या

याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला कॉक्स बाजार जिल्ह्यात 2017 पासून म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्या आहेत, दहा लाखांच्या आसपास माणसं, टेकड्या कापून काढलेल्या उतारांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या. 2018 पासून तिथेही तोच प्रोग्राम नेला गेला, निर्वासितांमधूनच हजारोंनी व्हॉलंटियर तयार केले, बायकाही, तीन बावट्यांची पद्धत तीच, भोंगे तेच. ट्रेनिंग चोख, सराव चोख. फक्त एक अडचण. छावणीत पक्कं बांधकाम करायला परवानगी नाही, कारण पक्कं बांधलं तर ते कायमचे राहतील. आणि छावणीभोवती काटेरी तारेचं कुंपण आहे, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही.

मे 2023 मधे मोखा वादळ सरळ त्या दिशेने येत होतं. आता 1991 चा तो सर्व्हे आठवा, पक्क्या इमारतीत पोचलेले सगळे वाचले. या व्हॉलंटियरने तीन बावटे लावले, भोंग्यातून "निघा" सांगितलं, तर लोकांनी निघून जायचं कुठे? काही जणांना आतल्याच शाळांमधे आणि सामूहिक केंद्रांमधे हलवलं, ती बहुतेक बांबूचीच. बाकीच्यांनी झोपडीला दोरखंड बांधून ठेवले. सहभागाच्या नावाने जे जे करता येतं ते सगळं इथे केलेलं होतं, आणि ज्या एका गोष्टीवर जीव अवलंबून ती त्या लोकांच्या हातात नव्हती.

14 मे ला वादळ थोडं दक्षिणेला सरकलं आणि म्यानमारच्या सित्वे शहराजवळ धडकलं. तिथल्या लष्करी सरकारनेच जाहीर केलेला आकडा 145 मृत्यूंचा, त्यातले 117 रोहिंग्या, बहुतेक 2012 पासून सित्वेच्या आसपासच्या सखल छावण्यांमधे अडकवून ठेवलेले, ज्यांना तिकडेही बाहेर पडायला परवानगी लागते.

कॉक्स बाजारला हजारो झोपड्या मोडल्या, त्या दुरुस्त झाल्या, परत बांबू आणि ताडपत्रीनेच. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला हामून वादळ आलं, ते याच जिल्ह्यावर.